हँडल पूर्ण वळवलं की गाडी बंद पडते, आत कोसळते नाहीतर उसळते: ट्रायल्सच्या संथ वळणाचं समस्या निवारण

आधी लक्षणं

ट्रायल्स म्हणजे मोटारसायकलवरून पाय न टेकवता अडथळे पार करायचा खेळ. त्यातलं संथ वळण असं: पहिला गेअर, माणसाच्या चालण्याइतका वेग, तुम्ही फूटपेगवर (पाय ठेवायच्या खुंट्यांवर) उभे आणि हँडल लॉकपर्यंत, म्हणजे जाईल तिथवर, वळवायचंय. तोवर सगळं ठीक असतं. मग यातलं एक काहीतरी होतं:

- वळणाच्या मधोमध गाडी एक धक्का देते, इंजिन बंद पडतं आणि पाय जमिनीवर येतो.
- इंजिन चालू असतं, पण गाडी आतल्या बाजूला बसत जाते. सावरेपर्यंत आडवी झालेली असते.
- गाडी अचानक पुढे उसळते, हँडल हातातून सरळ होतं आणि वळण खुणेच्या दगडांबाहेर जातं.
- हँडल वळलेलं असतं, पण पुढचं चाक मुरमावर खरडत सरळच जात राहतं.

यातलं कोणतं होतंय तेवढं लिहून पुरत नाही. ते डावीकडे वळताना होतं, उजवीकडे की दोन्हीकडे, हेही लिहा. मला कुणी फोनवर विचारलं तर मी पहिल्यांदा हेच विचारतो, कारण अर्धा निकाल या एका उत्तरात लागतो. का ते पुढे येईलच.

सासवडच्या पुढे एका शेतकऱ्याच्या परवानगीनं वापरायला मिळालेल्या मुरमाच्या पट्टीवर आम्ही काही जण रविवारी सकाळी ट्रायल्सचा सराव करतो. खरी ट्रायल्सची गाडी आमच्यातल्या कुणाकडेच नाही. बहुतेकांकडे हीरोची एक्सपल्स, एक-दोघांकडे रॉयल एनफील्डची हिमालयन, एकाची यामाहाची जुनी आरएक्स. नवीन आलेल्या जवळजवळ प्रत्येकाची पहिली तक्रार ही वळणाचीच असते, आणि गेल्या काही वर्षांत मी ती इतक्या जणांची सोडवली आहे की तपासण्यांचा क्रम आता तोंडपाठ झालाय. फुकटच्या आणि सोप्या तपासण्या आधी, पैसे आणि पाने-पकडी लागणाऱ्या शेवटी. हा क्रम मोडू नका. क्लच प्लेटा बदलून झाल्यावर ‘अरे, चाकात हवाच जास्त होती’ असं कळलेली माणसं मी पाहिली आहेत.

ज्यांना ट्रायल्स नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ही वेगाची शर्यत नाही. दगड, ओढा, चढ यांतून आखलेला एक तुकडा, म्हणजे सेक्शन, पाय न टेकवता पार करायचा. पाय एकदा टेकला तर १ गुण, दोनदा टेकला तर २, तीन किंवा त्याहून जास्त वेळा टेकला तर ३ आणि सेक्शन फसला तर ५. ज्याचे गुण कमी तो जिंकतो. पाय टेकलेला असताना इंजिन बंद पडलं, तरी सरळ ५. म्हणजे वळणात गाडी बंद पडणं ही ट्रायल्समधली सगळ्यात महाग चूक आहे. आणि सेक्शनमध्ये वळणं किती असतात? जवळजवळ प्रत्येक अडथळ्याच्या आधी एक.

तपासणी १: इंजिन बंद ठेवून गाडी ढकला

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. गाडी न्यूट्रलला टाका, बाजूला उभे राहा, हँडल लॉकपर्यंत वळवा आणि गाडी हातानं ढकलत एक पूर्ण गोल काढा. मग दुसऱ्या बाजूनं.

हे का करायचं, तर दोन कारणं. एक, तुमच्या गाडीचा सगळ्यात लहान गोल केवढा आहे ते मातीवर उमटलेलं दिसतं. त्यापेक्षा लहान गोल तुम्ही चालवून काढू शकणार नाही. (मागचं चाक वर घेऊन उडी मारत फिरवणं हा वेगळा विषय आणि वेगळी गाडी.) ट्रायल्सच्या गाडीचं हँडल आपल्या गाड्यांपेक्षा खूप जास्त वळतं. परदेशातल्या व्हिडिओतला गोल बघून कुणी एक्सपल्सवर तोच काढायला जात असेल, तर दोष ना गाडीत आहे ना चालवणाऱ्यात. दोन, मातीवर दोन रेषा दिसतील. पुढच्या चाकाची मोठी, मागच्याची तिच्या आत. म्हणजे दगडाला वळसा घालताना पुढचं चाक दगडाच्या जवळून नेलं, तर मागचं चाक दगडावर चढणार. ही गोष्ट डोळ्यांनी एकदा बघितली की पुन्हा सांगावी लागत नाही.

ढकलताना हँडल दोन्हीकडे सारखं वळतंय का तेही बघा. हँडगार्ड टाकीला टेकणं, टँक बॅगचा पट्टा अडकणं, मोबाईल होल्डर काचेला लागणं हे सर्रास आढळतं.

तपासणी २: इंजिन चालू, गाडी उभी, हँडल इकडून तिकडे

गाडी न्यूट्रलला, एकानं मागून धरलेली. इंजिन गरम असू द्या. हँडल सावकाश डाव्या लॉकपासून उजव्या लॉकपर्यंत फिरवा आणि कान देऊन ऐका.

इंजिनचा आवाज वाढला, तर एक्सिलरेटरची केबल कुठंतरी ताणली जातेय. ‘उसळी’ मारण्याचं हे थेट कारण आहे आणि धोक्याचंही. बरेचदा उंच हँडल बसवलेलं असतं आणि केबल जुनीच, तोकडी राहिलेली असते. केबलचा मार्ग बदलून काम होत असेल तर करा. नसेल, तर लांब केबल बसवेपर्यंत सराव बंद.

आवाज तसाच राहिला तर क्लचच्या लिव्हरला हात लावा. सरळ हँडलला लिव्हर थोडी मोकळी हलते, ती मोकळी चाल दोन्ही लॉकला तेवढीच राहते का? एखाद्या लॉकला ती नाहीशी होत असेल तर वळणात क्लच आपोआप किंचित दाबला जातोय, आणि हाफ क्लचची, म्हणजे क्लच अर्धवट पकडतो ती, जागा तुमच्या बोटांखालून सरकतेय. अशा गाडीवर कितीही सराव केला तरी हात बसत नाही.

आणि तिसरी शक्यता. इंजिन लॉकला बंदच पडतं. एका मुलाची गाडी उजव्या वळणात दर वेळी बंद पडायची. आम्ही त्याला तीन रविवार क्लच शिकवत होतो. तो बिचारा मन लावून ऐकायचा, करायचा, आणि गाडी पुन्हा बंद. तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, “काका, बंद पडताना मीटरचा दिवा पण जातो.” तिथंच उत्तर होतं. क्लचच्या चुकीनं बंद पडलेल्या गाडीचा दिवा जात नाही. इग्निशनच्या चावीखालून जाणारी वायर वरच्या वेष्टनाच्या आत तुटलेली निघाली. सरळ हँडलला टोकं चिकटून राहायची, उजव्या लॉकला ताण आला की सुटायची. तीन रविवार मी त्या मुलाच्या हातांना दोष दिला, त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून ही तपासणी मी माणसाच्या तपासणीच्या आधी ठेवली आहे. वायरिंग स्वतः कापून-जोडून बघू नका. हे ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम आहे.

तपासणी ३: हवा

पुढचं चाक सरळ घसरत जाणं हे लक्षण असेल तर आधी इथे बघा. रस्त्यासाठी भरलेल्या हवेवर टायर मुरमावर गोट्यासारखा चालतो. जमिनीला जेमतेम टेकतो आणि बारीक खड्यांवरून घसरतो. ट्रायल्सच्या गाडीच्या मागच्या चाकात जेमतेम ४ ते ५ पीएसआय हवा असते. टायरची भिंत मऊ असते, तो दगडाला अक्षरशः कवटाळतो. आपल्याला तिथवर जाता येत नाही, कारण आपल्या स्पोकच्या चाकात ट्यूब आहे. हवा फार उतरवली की दगडावर आपटून ट्यूब दोन ठिकाणी चावली जाते, किंवा रिमवर टायर फिरून व्हॉल्व्ह मुळातून फाटतो.

मी मऊ जमिनीवर, मोठे दगड नसताना, दोन्ही चाकांत १८ ते २० पीएसआयपर्यंत येतो, त्याखाली नाही. खिशातला गेज स्वतःचा ठेवा. पंपावरच्या नळीचा आकडा आणि खरी हवा यांत तफावत असते. आणि छोटा फूटपंप बरोबर हवाच, कारण सराव संपल्यावर याच चाकांवर घाट उतरून घरी जायचंय.

तपासणी ४: लिव्हर, स्लो आणि चेन

उभे राहा, हात सरळ सोडा आणि बोटं लिव्हरवर ठेवा. मनगट वर मोडत असेल तर लिव्हर बसून चालवण्यासाठी लावलेली आहे. तिचा बोल्ट सैल करून ती थोडी खाली वळवा. बोल्ट अगदी करकचून आवळू नका. पडल्यावर लिव्हर फिरली पाहिजे, मोडता कामा नये.

क्लच लिव्हरच्या टोकाला मोकळी चाल साधारण १० ते २० मिलिमीटर. एक्सिलरेटरच्या मुठीला २ ते ६ मिलिमीटर. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो खरा. क्लच पकडायची जागा लिव्हरच्या अगदी शेवटी, मूठ जवळजवळ उघडल्यावर येत असेल, तर दोन बोटांनी ती सांभाळता येत नाही. बोटांची ताकद मूठ अर्धी मिटलेली असताना सगळ्यात जास्त असते, पकड तिथं यायला हवी.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला स्लो (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) कमी असेल तर गरम इंजिनवर स्क्रू किंचित आत फिरवा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत स्लो हाताळायच्या भानगडीत पडू नका. स्लो वाढवून वळणात बंद पडणं थांबवायचा मोह होतो, तो टाळा. बंद पडणं थांबेल, उसळी सुरू होईल.

चेन फार सैल असेल तर संथ वेगात गाडी झटके देते: आधी चेनचा ढिलेपणा भरतो, मग एकदम ओढ लागते. मॅन्युअलच्या आकड्याइतकी ताणा, पण त्याहून जास्त नको. एक्सपल्ससारख्या लांब चालीच्या सस्पेन्शनला ताणलेली चेन खाली बसताना बेअरिंग खाते.

आता गाडीवरचा माणूस

इथवरच्या तपासण्यांनी दहातल्या दोघा-तिघांचं काम होतं. बाकीच्यांची गाडी ठणठणीत असते, आणि दोष बहुतेक वेळा वळणात नसून वळणाच्या आधीच्या दोन मीटरांत असतो. वळणात शिरतानाच शरीर चुकीच्या जागी असतं, आणि एकदा हँडल लॉकला गेलं की ते दुरुस्त करायला वेळ उरत नाही.

नजर. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच. जे आत कोसळतात त्यांच्यातले बहुतेक जण पुढच्या चाकाकडे किंवा आतल्या दगडाकडे बघत असतात. डोकं खाली गेलं की खांदे आत झुकतात, खांद्यांमागोमाग गाडी. मी वळणाच्या पलीकडे पाण्याच्या तीन बाटल्या वेगवेगळ्या रंगांच्या ठेवतो आणि वळणात शिरताना “कोणती?” असं ओरडून विचारतो. उत्तर द्यायला मान वळवावीच लागते. हनुवटी आतल्या खांद्याच्या पलीकडे गेली पाहिजे. फक्त बुबुळं फिरवून चालत नाही.

पाय. फूटपेगवर तळव्याचा मधला भाग किंवा त्याच्या किंचित पुढचा. गुडघे मोकळे, टाकीला चिकटवलेले नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण रस्त्यावर आणि मोटोक्रॉसमध्ये गुडघ्यांनी टाकी पकडायची सवय लागलेली असते. संथ वळणात तीच सवय नडते. टाकी पकडली की गाडी आणि तुम्ही एकच वस्तू होता, एकत्र झुकता, एकत्र पडता. इथे गाडीनं तुमच्या खाली स्वतंत्र झुकायला हवं.

वजन. हा सगळ्याचा गाभा आहे. वेगात आपण गाडीबरोबर आत झुकतो. चालण्याच्या वेगात उलटं. गाडी आत, शरीर बाहेर. डावीकडे वळताना कंबर सीटच्या उजवीकडे सरकते, उजव्या फूटपेगवर जवळजवळ सगळं वजन येतं, डावा पाय त्याच्या फूटपेगवर नुसता ठेवलेला. बेंबी बाहेरच्या फूटपेगच्या वर आली की समजा बरोबर आहे. कारण साधं आहे. एवढ्या कमी वेगात गाडीला स्वतःहून उभं ठेवणारं काही नसतं, झुकलेल्या गाडीचं वजन तुमच्या वजनानंच तोलावं लागतं. कावडीसारखं.

करून बघायचं असेल तर गाडी उभी ठेवून करा. मित्राला पुढचं चाक दोन पायांत धरायला सांगा, फूटपेगवर उभे राहा, हँडल पूर्ण वळवा आणि गाडी स्वतःच्या खाली आत-बाहेर झुकवा. पाच मिनिटांत पोटरी भरून येते. तसं झालं तर योग्य स्नायू वापरताय.

हात, आणि डाव्या-उजव्या वळणातला फरक. सुरुवातीला बाजू लिहून ठेवायला सांगितली होती ती यासाठी. डावीकडे हँडल पूर्ण वळलं की उजवी मूठ पुढे, लांब जाते. शरीर मागेच राहिलं तर उजवा हात ताणला जातो, मनगट फिरतं आणि एक्सिलरेटर नकळत उघडतो किंवा एकदम मिटतो. म्हणून डावीकडे वळताना उसळी हा ताणलेल्या उजव्या हाताचा दोष असतो. उजवीकडे वळताना डावी मूठ लांब जाते आणि क्लचची बोटं ताणली जातात. ताणलेल्या बोटांना मिलिमीटर कळत नाही, ती लिव्हर एकदम सोडतात. म्हणून उजवीकडे वळताना बंद पडणं हा ताणलेल्या डाव्या हाताचा दोष असतो. भरीला उजवी मूठ पोटाजवळ आलेली असते आणि मनगट दुमडलेलं असतं, त्यामुळे रेस द्यायलाही जमत नाही. आमच्या पट्टीवर बहुतेकांना उजवं वळण जास्त अवघड जातं ते यामुळेच.

दोन्हीवर औषध एकच. हात लांब करायचा नाही, शरीर न्यायचं. हँडल वळायच्या आधी छाती पुढे, हँडलच्या वर आणा, आणि खांदे हँडलबरोबर वळवा. खांद्यांची रेष आणि हँडलची रेष समांतर राहिली की दोन्ही कोपरं वाकलेली राहतात. कोपर सरळ झालं की तो वळणाचा शेवट समजा.

क्लच आणि मागचा ब्रेक. एक्सिलरेटर किंचित उघडा आणि तिथंच धरून ठेवा. वेग क्लचनं ठरवायचा. नवीन माणूस उलट करतो. क्लच पूर्ण सोडतो आणि एक्सिलरेटरनं वेग सांभाळायला जातो. चालण्याच्या वेगात आपल्या गाडीचं इंजिन पहिल्या गेअरला पूर्ण सोडलेल्या क्लचवर धड चालू शकत नाही. ते एकतर गुदमरतं नाहीतर पळतं.

सराव असा. सपाट जागेवर दोन्ही पाय खाली, पहिला गेअर, रेस किंचित वर आणि स्थिर. दोन बोटांनी लिव्हर हळू सोडा, गाडीनं जरा पुढे ओढ घेतली की थांबा. आता लिव्हर दोन मिलिमीटर आत घ्या, ओढ सुटेल. पुन्हा दोन मिलिमीटर सोडा. गाडी जागेवरच, फक्त श्वास घेतल्यासारखी पुढेमागे. इंजिनचा आवाज अजिबात बदलता कामा नये. वीस वेळा. मग उजव्या पायाचा चवडा ब्रेकच्या पेडलवर अलगद ठेवा आणि तेच करा. मागच्या ब्रेकवर इंजिन हलकं ओढत राहिलं की चेन ताणलेली राहते, झटके मरतात आणि गाडी हातात शांत होते. हा फरक पहिल्यांदा जाणवतो तेव्हा माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

डावं वळण घेताना एक अडचण येते: वजन उजव्या पायावर आहे आणि ब्रेकही उजव्याच पायाचा. वजन तळव्याच्या मध्यावर, ब्रेक फक्त बोटांनी. जमायला वेळ लागतो. बुटाचा तळ फार जाड असेल तर पेडल कळत नाही.

पुढच्या ब्रेकवरून बोट काढूनच टाका. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक नुसता शिवला तरी गाडी तात्काळ आत पडते. आत कोसळणाऱ्यांमध्ये नजरेखालोखाल हेच कारण सापडतं, आणि करणाऱ्याला ते आठवतही नाही, इतकं ते सवयीनं होतं. खात्री नसेल तर उजव्या हाताची चारही बोटं मुठीभोवती गुंडाळून एकदा वळण घेऊन बघा.

जमीन. वरचं सगळं बरोबर असूनही पुढचं चाक घसरतंय, तर खाली बघा. वळण उताराच्या बाजूला घेताय का? सुटा मुरूम आहे का? वळण एक मीटर अलीकडे, घट्ट जमिनीवर सुरू करता येईल का? सेक्शन आधी पायी चालून बघायची पद्धत ट्रायल्समध्ये यासाठीच आहे. कोकणातल्या मित्रांना पावसात जांभ्यावर सराव करू नका असं कळकळीनं सांगतो. शेवाळलेल्या जांभ्यावर कोणतंही तंत्र चालत नाही.

‘गाडीच जड आहे’

हे मी दर महिन्याला ऐकतो. खरं आहे. ट्रायल्सची आजची गाडी साधारण ७० किलोची, तिला सीटसुद्धा नसते. एक्सपल्स साधारण १५८ किलोची. स्पेनचा टोनी बू २००७ पासून दर वर्षी मोंटेसाच्या गाडीवर ट्रायल्सचा जागतिक विजेता होत आलाय, तो जे दगड चढतो ते आपल्या गाडीवर शक्य नाही आणि करूही नये. पण पूर्ण लॉकचं वळण हे हलक्या गाडीचं तंत्र नाही. सॅमी मिलर १९५९ ते १९६९ अशी सलग अकरा वर्षं ब्रिटनचा ट्रायल्स विजेता होता. त्यातली पहिली वर्षं तो एरिअलच्या ५०० सीसी चार-स्ट्रोक गाडीवर चालवत होता. हलकी टू-स्ट्रोक बुल्टाको नंतर आली, आणि तिच्यावर त्यानं १९६५ ची स्कॉटिश सिक्स डेज ही ट्रायल्सची सहा दिवसांची स्पर्धा जिंकली. वजनदार गाडीवरच हे तंत्र घडलेलं आहे. जड गाडी चूक लवकर दाखवते, एवढंच.

जड गाडीची एक खरी अडचण मात्र आहे: उष्णता. तासभर हाफ क्लचवर राहायला आपला क्लच बनवलेला नाही. दहा मिनिटं सराव, मग इंजिन बंद करून गाडी वाऱ्यावर उभी. क्लच गरम झाला की पकडायची जागा सरकते आणि मघाशी जमलेलं वळण जमेनासं होतं. अशा वेळी केबल आवळत बसू नका. गार झाल्यावर जागा परत येते, आणि आवळलेली केबल मग त्रास देते. जळका वास आला तर त्या दिवसाचा सराव संपला.

इथे थांबा आणि मेकॅनिककडे जा

वरचं सगळं करूनही तेच लक्षण, त्याच बाजूला येत असेल, तर पुढच्या तपासण्या फक्त निदानापुरत्या करा. दुरुस्ती स्वतः करू नका.

गाडीच्या इंजिनखाली पेटी लावून पुढचं चाक उचला, दोघांनी धरून. हँडल एका बोटानं फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडकत असेल, किंवा पुढचे शॉकअप खालून धरून मागेपुढे हलवल्यावर खट्ट वाजत असेल, तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेलाय. अशा गाडीचं हँडल संथ वेगात मधून हलायलाच तयार नसतं, मग एकदम वळतं. माणसाला वाटतं तोल जातोय. कोनसेट बसवायला दाबयंत्र आणि अनुभव लागतो. हातोडीनं ठोकून बसवलेला कोनसेट महिन्याभरात पुन्हा खाच धरतो.

हँडल सरळ धरल्यावर पुढचं चाक तिरपं दिसत असेल तर पडल्यानं फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) पिळला गेलाय. कधी नुसते क्लॅम्प सैल करून सरळ होतो, कधी नळी वाकलेली असते. कोणतं ते मेकॅनिकनं ठरवायचं. त्या गाडीवरून रस्त्यावर वेगानं जाऊ नका.

गरम इंजिन, पहिला गेअर, क्लच पूर्ण दाबलेला, तरी गाडी पुढे सरकते किंवा ढकलायला जड जाते? क्लच पूर्ण सुटत नाहीये. वरच्या गेअरला रेस दिल्यावर आवाज वाढतो पण वेग नाही? क्लच घसरतोय. दोन्हींसाठी इंजिनचं झाकण उघडावं लागतं. पण त्याआधी एक विचारा: शेवटचं ऑइल कोणतं टाकलं होतं? कारचं ऑइल टाकलं असेल तर ओला, म्हणजे इंजिन ऑइलमध्येच फिरणारा, क्लच घसरू शकतो. डब्यावर जासो (JASO) एमए किंवा एमए२ हे मोटारसायकलच्या ऑइलचं मानक लिहिलेलं हवं.

आणि शरीराचं. हेल्मेट, घोट्याच्या वर येणारे बूट, हातमोजे आणि गुडघ्याचे गार्ड एवढं नसेल तर सुरुवातच करू नका. गाडी संथ वेगातच सगळ्यात जास्त वेळा पायावर पडते. पडताना गाडी वाचवायला पाय घालू नका, सोडून बाजूला व्हा. पडल्यावर हातावर भार गेला असेल आणि अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खोबणीत दुखत असेल, तर ‘मुरगळलंय’ म्हणून हळद लावून बसू नका. तिथलं एक छोटं हाड मोडल्याचं पहिल्या एक्स-रेमध्ये कधीकधी दिसतही नाही. हाडांच्या डॉक्टरांना पडण्याची पद्धत नीट सांगा. गुडघा वळताना निसटल्यासारखा वाटत असेल तर सराव त्याच क्षणी बंद, आणि डॉक्टर सांगेपर्यंत बंद.

सराव संपल्यावर पट्टीवरच हवा परत भरा, गेजनं मोजा, व्हॉल्व्ह तिरपा झालेला नाही ना ते बघा, क्लच आणि ब्रेकच्या लिव्हर घट्ट आहेत का हात लावून बघा, आणि मगच गाडी डांबरावर घ्या.